ठकीचे उतारवयातील बाळंतपण

कला शाखेच्या महाविद्यालयाच्या वार्षिकात सशाच्या बाळंतपणावर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. संपादक मंडळाने माझ्याकडे संतकवयित्रींवर लेख मागितला होता. तो मी पुढच्या वर्षी देईन. परंतु २०२३ च्या हिवाळ्यात आमच्या घरी जो प्रसंग गुदरला त्यात आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी इतक्या चुका केल्या, आणि त्या इतक्या साध्या होत्या, की त्या कोठेतरी लिहून ठेवाव्यात असे वाटले. आपल्या वर्गातच निदान चार-पाच जणांच्या घरी ससे आहेत, हे मला ठाऊक आहे. प्राध्यापकांपैकीही एक-दोघे सशांना पाला घालताना दिसतात. लेख त्यांच्यासाठी आहे. उरलेल्यांनी वाचला तर त्यांचा दोष नाही.

ठकी आमच्याकडे २०१८ च्या उन्हाळ्यात बुटांच्या खोक्यातून आली. पांढरा रंग, कान तेवढे राखी. दुकानदाराने सांगितले, "मादी आहे," आणि त्याचे म्हणणे खरे निघाले. हे निव्वळ दैव म्हणायचे, कारण लहान सशात नर-मादी ओळखणे कठीण असते. नराची वृषणे साधारण दहा-बारा आठवड्यांनी दिसू लागतात, आणि पुढेही तो ती पोटात ओढून घेऊ शकतो. मादीच्या गळ्याखाली मोठी पोळी लोंबते हे खरे, पण सुटलेल्या नरालाही ती थोडीफार असते. तेव्हा वरवर पाहून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जाणत्याने सशाला उताणे धरून, शेपटीजवळचा भाग बोटांनी हलकेच दाबून पाहिला, तरच निदान होते. नराचे छिद्र गोल दिसते, मादीचे उभ्या चिरेसारखे. ही गोष्ट आम्ही पाच वर्षांनी शिकलो, तीही दुसऱ्याच्या सशावरून.

दिवाळीच्या सुट्टीत, १६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी, कराडहून आत्या आली. आतेभावाने आपली 'राणी' बरोबर आणली होती. राणी वर्षाची, तपकिरी, फार गोड. दोघींना मागच्या पडवीत एकत्र सोडले. रात्री पडवीत पळापळ ऐकू आली. आई म्हणाली, "खेळतायत बिचाऱ्या." १८ तारखेला सकाळी पाहुणे गेले. सशांचा समागम काही सेकंदांत उरकतो, तो पाहायला मिळालाच पाहिजे असे नाही. आम्हाला मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी आम्ही त्याला भांडण म्हटले असते.

येथे सशाच्या शरीराबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कुत्री किंवा गाय ठरावीक काळाने माजावर येते. सशाच्या मादीचे तसे नाही. तिचे बीज समागम झाल्यानंतर साधारण दहा-बारा तासांनी सुटते, म्हणजे समागम हाच बीज सुटण्याचा संकेत. त्यामुळे 'आता धोका नाही' असे दिवस मोजण्याची सोय सशात नाही. याच गुणावर एकेकाळी माणसांच्या गर्भनिदानाची एक परीक्षा उभी होती. १९३१ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅपहॅम यांनी ती मांडली. स्त्रीची लघवी नराशी संबंध न आलेल्या सशाच्या मादीच्या शिरेत टोचायची आणि सुमारे दोन दिवसांनी तिची बीजकोशे तपासायची. नराशिवाय बीज सुटलेले दिसले, तर स्त्री गर्भवती. बीजकोशे पाहण्यासाठी मादीला बहुधा मारत, मग निदान काहीही निघो. 'ससा मेला' म्हणजे 'दिवस गेले' असा वाक्प्रचार तिकडे रूढ झाला तो चुकीच्या समजुतीतून. घरोघरच्या किती आनंदाच्या बातम्यांमागे एकेक ससा गेला असेल, कोण जाणे. असो.

आमच्या मनात शंका न येण्याचे खरे कारण मात्र वेगळे होते. ठकी तेव्हा साडेपाच वर्षांची होती. घरात जपलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो, म्हणजे ती उताराला लागलेली. आजीने बायकांच्या हिशेबाने तिला केव्हाच निवृत्त करून टाकले होते. "पन्नाशी उलटली तिची," असे ती म्हणे. पण बायकांची विटाळ जाण्याची अवस्था सशात नसते. तीन-चार वर्षांनंतर गर्भ राहण्याचे प्रमाण घटते, पिल्ले कमी होतात, काही वेळा गर्भ पोटातच जिरतात. पण दार पुरते बंद कधीच होत नाही. १२०२ साली पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, सशांच्या वाढत्या जोड्यांचे जे प्रसिद्ध गणित घातले त्यात एकही ससा मरत नाही की म्हातारा होत नाही. आमचा हिशेब नेमका उलटा होता. म्हातारी झाली म्हणजे गणितातूनच गेली, असे आम्ही धरून चाललो. वय झालेल्या मादीला गर्भ राहू शकतो आणि तिला तो तरुण मादीपेक्षा अधिक जड जातो, या दोन गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. धोका सारा तेथेच आहे.

डिसेंबर उजाडताना ठकी तिरसट झाली. पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरायची, पंजा मारायची. कोपरा उकरायची. आम्ही म्हटले, म्हातारपण. शिवाय २०२१ साली तिने असाच प्रकार केला होता. तोंडात गवत भरून फिरली, पोटावरचे केस उपटून घरटे केले, आणि शेवटी काहीच झाले नाही. याला खोटे गाभणपण म्हणतात. बीज सुटते, पण गर्भ राहत नाही. एकट्या राहणाऱ्या मादीतही हे घडते, आणि साधारण सोळा ते अठरा दिवसांत ओसरते. खऱ्या गाभणपणात घरट्याची ही धांदल बहुधा अगदी शेवटच्या दिवसांत चालते. हा फरक तेव्हा माहीत असता तरी उपयोग झाला नसता, कारण दिवस कोठून मोजायचे हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

७ डिसेंबरला आत्याचा फोन आला. "वहिनी, अहो, आमची राणी राजा निघाली!" राणीला नखे कापण्यासाठी डॉक्टरांकडे नेले होते, तेथे उलगडा झाला. आत्या हसत होती. आईही हसली. मग आईने फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले. सोळा नोव्हेंबरपासून एकवीस दिवस झाले होते. सशाचे गाभणपण साधारण एकतीस दिवसांचे, एक-दोन दिवस मागेपुढे. म्हणजे दोन तृतीयांश काळ आम्ही म्हातारपणाच्या नावावर घालवला होता.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, "गाय असती तर आत्ता सांगितलं असतं. सशाचा माझा अभ्यास नाही. पुण्याला दाखवा, वेळ घालवू नका." आपल्याला जे येत नाही ते येत नाही असे सांगणारा डॉक्टर भेटणे, हे अर्धे काम झाल्यासारखे असते. जाणता डॉक्टर दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान हलक्या हाताने पोट चाचपून गर्भ ओळखू शकतो. आपण घरी तो प्रयोग करू नये, गर्भांना इजा होते. ९ तारखेला बाबांनी आणि मी ठकीला टोपलीत घालून एस.टी.ने पुण्याला नेले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. पडद्यावर करड्या धुक्यात तीन ठिकाणी काहीतरी लुकलुकत होते. "तीन तरी आहेत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितले ते मी जवळजवळ जसेच्या तसे देते, कारण या लेखात सांगण्यासारखे मुख्य तेच आहे. "पहिल्या दोन आठवड्यांत आला असतात तर मी विचार न करता गर्भाशय काढून टाकलं असतं. या वयात तिला पिल्लं होऊ देण्यात तिचा काही फायदा नाही. आजही ऑपरेशन करता येईल. पण आता गर्भाशय मोठं झालंय, त्यात रक्त फार आहे, शिवाय ती जाड आहे. भुलीचा धोका, रक्तस्रावाचा धोका. न केलं तर अडण्याचा धोका. दोन्हीकडे धोका आहे, आणि तो कुठं कमी आहे हे मी शपथेवर सांगू शकत नाही."

अडण्याचे कारणही त्यांनी समजावले. वय झालेल्या मादीच्या पोटात पिल्ले थोडी असतात. थोडी असली की ती मोठी वाढतात, आणि मोठे पिल्लू वाटेत अडते. गर्भाशयाचे स्नायूही पूर्वीसारखे जोर देत नाहीत. दुसरी भीती गाभणपणातील विषबाधेची. बाहेरचे विष नव्हे, अंगातलेच. जाड मादीने शेवटच्या आठवड्यात खाणे सोडले की शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साठते आणि एक-दोन दिवसांत ती दगावू शकते. म्हणून जाड असली तरी या काळात तिला उपाशी ठेवून बारीक करण्याच्या भानगडीत पडायचे नाही. तिसरी भीती गाठींची. गर्भाशय न काढलेल्या मादीला चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे आहे, काही जातींत निम्म्याहून अधिक. "हिचं गर्भाशय वर्षाच्या आत काढायला हवं होतं," असे त्या म्हणाल्या. आम्ही मान खाली घातली. पाच वर्षांत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही कोणाला विचारलेही नव्हते.

त्या रात्री घरात खडाजंगी झाली. आजीचे म्हणणे, पोटातले जीव पोटात मारायचे नाहीत. बाबांचे म्हणणे, ठकी पाच वर्षे घरात आहे, जे अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठी तिला पणाला लावायचे नाही. आई काहीच बोलली नाही, ती ठकीचे वजन करत होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन किलो तीनशे ग्रॅम भरले. मी मनातून बाबांच्या बाजूची होते आणि आजही आहे. हा प्रश्न बाराव्या दिवशी पुढे आला असता, तर आजीचे मन दुखवूनही ऑपरेशनच करायला हवे होते, असे मला वाटते. परंतु तेविसावा दिवस उलटला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंशी फोनवर पुन्हा बोलणे झाले, आणि होऊ द्यायचे असे ठरले. अट एकच : अडले तर पिल्लांचा विचार न करता ठकीला वाचवायचे. आजीनेही याला होकार दिला.

तयारीला आठ दिवस मिळाले. ठकीचा आहार आमच्या घरच्या रीतीप्रमाणे चुकीचाच होता. भाकरीचा तुकडा, गाजर, अधूनमधून बिस्कीट. सशाचे मुख्य अन्न म्हणजे गवत, आणि गाजर हे त्याला पेढ्यासारखे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वाळलेले गवत सदैव समोर ठेवले. गाभण मादीला प्रथिने व चुना अधिक लागतो, म्हणून गवळ्याकडून लसूणघास आणून थोडी थोडी वाढवत नेली. एकदम बदल केला तर पोट बिघडते. सशाला उलटी होत नाही, आणि आतडे थांबले की तो पाहता पाहता जातो. दहा-बारा तास ससा काही खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल, तर उद्यावर ढकलू नये. हे गाभण नसलेल्या सशालाही लागू आहे.

घरट्यासाठी रत्नागिरीच्या आंब्याची रिकामी पेटी घेतली. मादीला आत वळता येईल एवढीच जागा हवी, त्याहून मोठी नको. नाहीतर ती तेथे बसून घाण करते. एका बाजूच्या फळ्या निम्म्या काढल्या, म्हणजे तिला आत उडी मारता येईल पण पिल्ले बाहेर सांडणार नाहीत. खिळे ठोकून सपाट केले. तळाला वर्तमानपत्र, वर भरपूर मऊ वाळके गवत. आईने कापूस घालायला घेतला होता, तो डॉक्टरीणबाईंनी काढायला लावला. कापसाचे तंतू पिल्लांच्या पायांना व मानेला गुंडाळतात. उबेसाठी मादी स्वतःचे केस उपटते, ते पुरतात. सव्विसाव्या दिवशी पेटी पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि शेजारच्या मुलांना पडवीत यायची बंदी केली. घाबरलेली मादी पिल्ले तुडवते, क्वचित खातेही.

१५ डिसेंबरला ठकीने केस उपटायला सुरुवात केली. १७ तारीख, एकतिसावा दिवस, कोरडी गेली. १८ च्या पहाटे आजी उठली तेव्हा पेटीतले केस हलत होते. ससा बहुधा रात्री किंवा पहाटे वितो, आणि सारे सुरळीत असेल तर अर्ध्या तासात उरकते. केसांखाली एक पिल्लू होते. दुसरे पेटीच्या बाहेर, फरशीवर, थंडगार पडलेले.

आजी कपाळाला हात लावून बसली. "अगं, हे कच्चं पडलंय," ती म्हणाली. तिच्या या वाक्यामागे एक मोठी गफलत आहे आणि ती साऱ्या मराठी भाषेची आहे. आजीचे माहेर माणदेशात. तेथल्या माळावर, बाजरीच्या शेतात तिने सशाची पिल्ले लहानपणी कितीदा पाहिली होती. अंगावर पुरते केस, डोळे टक्क उघडे, जन्मल्यावर थोड्याच वेळात हिंडणारी. आणि ही तर नागडी, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची. पण आपल्या माळावरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानातला ससा बीळ करत नाही, उघड्यावर वितो, त्याचे गाभणपण सुमारे दीड महिन्याचे, म्हणून पिल्ले तयार होऊन बाहेर येतात. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्ले अंधाऱ्या बिळात कच्चीच जन्मतात व तेथे पिकतात. इंग्रजीत या दोघांना वेगळे शब्द आहेत. मराठीने दोघांनाही 'ससा' म्हटले, आणि एकाविषयीचे ज्ञान दुसऱ्याला लावण्याची सोय करून ठेवली. (जाता जाता सांगते, रानातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सापडले म्हणून त्याचे पिल्लू घरी आणू नये. ते बहुधा टाकलेले नसतेच.)

फरशीवरचे पिल्लू मेले असे आम्ही धरले होते. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी ऊब द्या, मग ठरवा." पिल्लांना स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. थंड पडले की ती मेल्यासारखी निपचित होतात. आईने ते दोन्ही तळव्यांत धरले, खाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. पंचवीस मिनिटांनी त्याने पाय झाडला. माणसाचा वास लागला की मादी पिल्लू टाकते, ही समजूत पाळीव सशाच्या बाबतीत खरी नाही. हात धुऊन, आधी ठकीला कुरवाळून, आम्ही ते पेटीत ठेवले. ठकीने हरकत घेतली नाही.

पण ती खातही नव्हती. सकाळभर कोपऱ्यात पोट आवळून बसली, मधूनच कळ दिल्यासारखी ताठ होई. तिसरे पिल्लू आत होते. दुपारी गावातल्याच डॉक्टरांकडे धाव घेतली. पुण्यापर्यंतचा प्रवास तिला झेपला नसता. त्यांनी पुण्याला फोन लावून विचारून विचारून कॅल्शियमची आणि मग कळा आणण्याची इंजेक्शने दिली. पिल्लू आडवे नाही ना, याची खात्री केल्याशिवाय कळांचे इंजेक्शन द्यायचे नसते. नाहीतर गर्भाशय फाटते. म्हणून हे काम घरी, ओळखीच्या औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने कधीही करू नये. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिसरे पिल्लू आले. मेलेले होते, आणि पहिल्या दोघांच्या जवळजवळ दीडपट. रात्री नऊला ठकीने लसूणघासाची एक काडी तोंडात घेतली. बाबा तोवर जेवले नव्हते.

त्या दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारच्या काकूंनी घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आणून दिल्या, "ताप येऊ नये म्हणून." हे औषध माणसाला चालते, सशाला तोंडाने दिले तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून तोच मरू शकतो. दुसऱ्या कोणी पिल्लांना गाईचे दूध बोळ्याने पाजायला सांगितले. त्याने पोट बिघडते, आणि दूध श्वासात गेले तर पिल्लू तेथेच संपते. दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले होते, म्हणून नाकारणे अवघड गेले.

आजीचा मात्र ठकीवरचा राग वाढत होता. "कसली आई ही! दिवसभर पेटीकडं फिरकत नाही." याचेही उत्तर बिळातच आहे. सशाची मादी पिल्लांना चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही तीन-चार मिनिटे. बिळाशी सारखी ये-जा केली तर कोल्ह्याला वास लागेल, म्हणून ती मुद्दाम दूर राहते. दूध दाट असते, तेवढ्यावर भागते. आई दूध पाजते की नाही, हे आईकडे पाहून कळत नाही, पिल्लांच्या पोटाकडे पाहून कळते. पाजलेल्या पिल्लाचे पोट भोपळ्यासारखे टम्म, उपाशी पिल्लाचे सुरकुतलेले. मी रोज सकाळी दोघांचे वजन करून वहीत लिहीत असे. पहिल्याचे ५८ ग्रॅम होते, ते आठवड्यात दुप्पट झाले. फरशीवरच्याचे ४१ होते. दुसऱ्या दिवशी ४२, तिसऱ्या दिवशी ४०. चौथ्या दिवशी, २२ तारखेला सकाळी, ते केसांत निपचित सापडले. पुन्हा ऊब दिली, तासभर. या वेळी पाय झाडला नाही. परसात पेरूच्या झाडाखाली आजीनेच खड्डा केला.

ठकीच्या स्तनांवर रोज हात फिरवून पाहायचे असते. गरम, कडक किंवा निळसर लागले तर सूज आहे, लगेच दाखवावे. पिल्लू एकच राहिले म्हणून आम्ही याला विशेष जपलो. सुदैवाने तसे काही झाले नाही. २८ तारखेला पिल्लाचे डोळे उघडले.

एक गोष्ट सांगायची राहिली. व्यायल्यानंतर एका दिवसाच्या आतसुद्धा मादीला पुन्हा गर्भ राहू शकतो. जेथे नर-मादी एकत्र आहेत तेथे बाळंतपणाआधीच नराला वेगळे केले नाही, तर महिन्याने तीच कथा पुन्हा. आणि नराचे खच्चीकरण केले म्हणजे त्याच दिवशी निश्चिंत, असेही नाही. त्यानंतर चार ते सहा आठवडे तो पिल्ले देऊ शकतो. कराडच्या राजाचे ऑपरेशन डिसेंबरअखेर झाले. संक्रांतीला आत्या त्याला घेऊन येणार म्हणाली, तेव्हा आईने, जी कधी कोणाला नाही म्हणत नाही, तिने सांगितले, "वन्सं, तुम्ही या. त्याला राहू दे."

फेब्रुवारीच्या मध्यावर, आठ आठवड्यांनी, पिल्लाचे दूध तुटले. उन्हाळा लागण्यापूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ठकीला पुन्हा पुण्याला नेले आणि गर्भाशय काढले. डॉक्टरीणबाईंनी ते ट्रेमध्ये आणून दाखवले. दोन शिंगांसारख्या नळ्या, आणि त्यातील एकीवर वाटाण्याएवढ्या तीन गाठी. तपासणीत कर्करोग निघाला. छातीच्या एक्स-रेत काही नव्हते, म्हणजे तो पसरलेला दिसत नव्हता. दर सहा महिन्यांनी छाती तपासायची आहे. त्या गाठी गाभणपणाच्या आधीपासून होत्या की नाही, याला डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले.

त्याच फेरीत पिल्लालाही उताणे धरून पाहिले. नर. पडवीतल्या दोन पिंजऱ्यांत मध्ये जाळी ठेवून त्याला मे महिन्यापर्यंत वेगळे ठेवले, मग त्याचेही ऑपरेशन करून घेतले. ठकीला आता धोका नव्हता, पण वयात आलेला नर तिला स्वस्थ बसू देत नव्हता.

जानेवारी २०२५ च्या एक्स-रेतही काही आढळले नाही. ठकी सातव्या वर्षात आहे, वजन एक किलो नऊशे. मुलगा तिच्यापेक्षा मोठा झाला आहे. सकाळी गवत टाकले की तो आधी धावतो, आणि ती त्याच्या पाठीवर पुढचे पाय ठेवून पलीकडून काडी ओढून घेते.